बरोबर मधोमध

जुळाऱ्याने सबवूफरची पेटी पोटाशी धरून उचलली, तीन पावलं चालला आणि ती काकांच्या खुर्चीत नेऊन बसवली. पेटी काळी, चौकोनी, गुडघ्याइतकी उंच. खुर्चीत ती अशी चपखल बसली की मागच्या कोपऱ्यात शिलाई मशीनवर वाकलेल्या काकूंनी मशीन थांबवलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

“मागून बघितलं तर काही फरक कळत नाही,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

काका हसले नाहीत. हातात मोजपट्टी घेऊन ते आपल्याच खुर्चीकडे बघत उभे होते. आपल्या जागी कोणी येऊन बसलं की माणूस जसा अवघडतो, तसे अवघडले होते. जुळाऱ्यालाही हसू आलं नाही, पण त्याचं कारण वेगळं होतं. तो दमला होता. सकाळपासूनचं हे तिसरं घर, आणि पेटी उचलताना उजव्या गुडघ्यात बारीक कळ आली होती.

जुळारी हे नाव त्याला दुकानातल्या लोकांनी थट्टेने ठेवलेलं. दुकान स्पीकर विकायचं, आणि विकलेल्या स्पीकरचं घरातल्या खोलीशी पटलं नाही की याला धाडायचं. मग हा जायचा, ऐकायचा, पेट्या इकडच्या तिकडे सरकवायचा, बटणं फिरवायचा आणि दोघांचं जमवून द्यायचा. तीस वर्षं हेच करत आला होता. आता त्याला खऱ्या नावाने हाक मारली तर क्षणभर कोणाला बोलावतायत ते कळायचं नाही. दिवसभर उभं राहिल्यावर पाय जसे भरून येतात तसे दुपारपर्यंत त्याचे कान भरून यायचे. घरी गेल्यावर पहिला अर्धा तास त्याची बायको त्याच्याशी खुणांनीच बोलायची. तक्रार नव्हती तिची. सवय झाली होती, आणि सवय झाली की तक्रारीचं कोणाला सुचत नाही.

काकांच्या घरी तो दहाच्या सुमारास यायचा होता, आला साडेबाराला. काका रागावले नाहीत. त्यांनी एक वही पुढे केली. वहीत खोलीचा नकाशा होता, पेन्सिलने काढलेला, इतका नेटका की जुळाऱ्याला आधी तो छापीलच वाटला. काका निवृत्त होईपर्यंत एका कारखान्यात यंत्रांची आरेखनं करायचे. नकाशात खिडकी होती, दारं होती, कपाट होतं, समोरच्या भिंतीलगत लांब टेबल होतं. टेबलावर दोन मॉनिटर स्पीकर, टेबलाच्या दोन बाजूंना जमिनीवर दोन सबवूफर. खुर्ची होती खोलीच्या बरोबर मधोमध. चारही भिंतींपासूनची अंतरं लिहिली होती. खुर्ची झाडताना हलू नये म्हणून चारी पायांपाशी फरशीवर पेन्सिलच्या खुणाही केलेल्या होत्या.

नकाशात शिलाई मशीन मात्र नव्हतं. मागचा कोपरा कोरा होता.

काकांचं दुखणं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, आणि मग ते सविस्तर सांगायला त्यांना अर्धा तास लागला. तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रामध्ये बास गिटार वाजवायचे. सगळ्यात खालचे सूर यांच्याकडे, म्हणून मंडळी त्यांना खर्ज म्हणायची. ‘खर्ज आला का?’, ‘खर्जाला चहा द्या.’ सात वर्षं हे चाललं. मग नोकरी, संसार, ऑर्केस्ट्रा मोडला, गिटार कोणाला तरी देऊन टाकली. त्या सात वर्षांतला एकच कार्यक्रम कोणीतरी प्रेक्षकांत बसून टेप केला होता. त्यातलं एकच गाणं शाबूत राहिलं होतं. टेपवरून ते आता लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं, साधारण सहा मिनिटांचं. त्यात गायिका ऐकू यायची, अ‍ॅकॉर्डियन ऐकू यायचं, पहिल्या कडव्याच्या आधी कोणीतरी दोनदा खोकतं तेही स्पष्ट ऐकू यायचं. फक्त काका ऐकू यायचे नाहीत.

मागच्या वर्षी ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला गेला. तो शेवटचा होता. आता मी तिथे वाजवत होतो असं सांगणारं कोणी उरलं नाही, काका म्हणाले. आणि डाव्या कानाबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं ते फारसं बरं नव्हतं. उजवाही हळूहळू त्याच वाटेने जाणार होता. तेव्हा तो जायच्या आत एकदा स्वतःला ऐकायचं होतं. बाकी काही हौस नव्हती.

मॉनिटर स्पीकर चांगले होते. रेकॉर्डिंगच्या खोल्यांत असतात तसले, लाडीगोडी न लावता जे असेल ते सांगणारे. पण आकाराने वहीएवढे. खालच्या सुरांपाशी आले की ते हात टेकतात, आणि तिथून पुढचं काम सबवूफरने उचलायचं असतं. कोणी कुठे थांबायचं आणि कोणी कुठून उचलायचं हे नीट ठरवून दिलं नाही, तर दोघंही एकच काम करतात किंवा दोघंही करत नाहीत. जुळाऱ्याला हे संसारासारखं वाटायचं, पण असं काही तो गिऱ्हाइकासमोर बोलत नसे.

पहिली चूक त्याला वीस मिनिटांत सापडली. उजव्या पेटीच्या पाठीमागचं एक बारीक बटण उलट्या बाजूला होतं. त्यामुळे एक पेटी हवा पुढे ढकलायची त्याच क्षणी दुसरी मागे ओढायची. घरात आल्यापासून नऊ महिने दोघी एकमेकींचं केलेलं पुसून टाकत होत्या. काकांचा चेहरा पडला. माहितीपुस्तिका त्यांनी तीनदा वाचली होती म्हणे. जुळाऱ्याने बटण सरळ केलं, मॉनिटर आणि पेट्या यांची हद्द आखून दिली, दोन्ही पेट्यांचा आवाज सारखा केला. टेपमध्ये मुळात खालचे सूर आहेत की नाहीत तेही त्याने फोनवरच्या आलेखात बघून घेतलं. खालच्या टोकाला बारक्या टेकड्या ठरावीक अंतराने उठत होत्या. म्हणजे काका टेपमध्ये होते.

मग काकांनी खुर्चीत बसून डोळे मिटले. गाणं झालं. त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली.

जुळारी स्वतः खुर्चीत बसला, आणि अंतरा सुरू व्हायच्या आत त्याच्या लक्षात आलं. दोष पेट्यांचा नव्हता, काकांच्या कानांचाही नव्हता. खोलीच्या बरोबर मधोमध खालचे सूर समोरून येतात, मागच्या भिंतीवरून परत येतात, आणि जिथे एकमेकांना गाठतात तिथे दोन्ही मरतात. बाकी सगळीकडे आवाज, आणि तेवढ्या जागी खड्डा. काकांनी भिंतीभिंतीपासून मोजून, पेन्सिलने खुणा करून, खुर्ची नेमकी त्या खड्ड्यात ठेवली होती.

“बरोबर मधोमध?” काकांनी विचारलं.

“बरोबर मधोमध,” जुळारी म्हणाला.

काकांनी वही उघडून नकाशातल्या खुर्चीवर बोट टेकलं. आयुष्यभर ज्या नेमकेपणावर पोट भरलं, त्यानेच दगा दिला हे पचायला वेळ लागणारच. इतकं मोजलं नसतं, खुर्ची अशीच कुठेतरी टाकली असती, तर कदाचित नऊ महिन्यांपूर्वीच काम झालं असतं. जुळाऱ्याला त्यांची कीव आली, पण तोंडाने त्याने एवढंच सांगितलं की असं पुष्कळ घरांत होतं.

खुर्ची हलवून पाहिली. हातभर पुढे घेतली तर एकच सूर ढोलासारखा घुमायला लागला आणि बाकीचे गायब. दोन हात मागे घेतली तर स्वयंपाकघराचं दार उघडेना. म्हणून मग शेवटचा उपाय, जो जुळाऱ्याला मनापासून नको होता. पेटी काढायची आणि ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवायची. मग आपण जमिनीवर उतरून, कान पेटीच्या उंचीला आणून, भिंतीभिंतीने रांगत जायचं. जिथे खालचे सूर सगळ्यात स्वच्छ ऐकू येतील तिथे पेटी ठेवायची, म्हणजे खुर्चीत तेच ऐकू येतं. खोलीला कोण कुठे बसलंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. इथलं तिथे जसं पोचतं, तसंच तिथलं इथे.

तर आता पेटी खुर्चीत होती. जुळाऱ्याने दुसरी पेटी आणि मॉनिटर बंद केले, गाणं लावलं आणि तो हातापायांवर उतरला.

खिडकीची भिंत झाली. तिथे आवाज गढूळ होता. कपाटाच्या बाजूला एकच सूर वर डोकं काढत होता. फरशी थंड होती. काकूंच्या मशीनचा आवाज थांबून थांबून येत होता, आणि तो जुळाऱ्याला खुपत होता. काकूंना मशीन थांबवायला सांगावं असं मनात आलं, पण माणसाच्या पोटापाण्याच्या आवाजाला गप्प कर म्हणायला त्याची जीभ रेटेना. दारापाशी चपलांच्या रॅकजवळ वळताना गुडघ्यात काहीतरी अडकलं आणि तो तिथेच राहिला. पाय ना सरळ होईना, ना दुमडेना. शेवटी तो एका कुशीवर कलंडला, भिंतीला टेकून बसला आणि पाय दोन्ही हातांनी धरून हळूहळू लांब केला. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. गिऱ्हाइकाच्या घरात, चपलांच्या शेजारी बसून, त्याला एकदम रडावंसं वाटलं. वाटलं आणि गेलं.

काकूंनी पाणी आणून दिलं. काकांनी मोजपट्टी टेबलावर ठेवली, विजारीचे पाय वर ओढले, टेबलाला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा.

“तुम्ही बसा. मी येतो फिरून.”

हे वय आहे का असलं करायचं, असं काकू म्हणाल्या, पण पुन्हा मशीनशी जाऊन बसल्या. नवऱ्याला कुठे अडवायचं आणि कुठे नाही याचा त्यांचा हिशेब फार पूर्वी पक्का झालेला असावा.

काका रांगत निघाले. जुळारी भिंतीशी बसून सूचना देत होता. डोकं खाली, थांबा, श्वास सोडा, आता ऐका. काका आज्ञाधारकपणे थांबत आणि वार्ता देत. इथे काही नाही. इथे नुसती घरघर. इथे सुरुवातीला बरं, मग गळपटतं. गाणं संपलं की जुळारी हात लांब करून जमिनीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर पुन्हा पहिल्यापासून लावत होता. सत्तरीच्या माणसाला असं फरशीवर बघून त्याला अपराधी वाटत होतं, आणि आपल्याला रांगावं लागत नाही याचं बरंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

अशाने काका मागच्या कोपऱ्याशी पोचले. तिथे काकूंचं राज्य होतं. मशीन, त्याखाली चिंध्यांची टोपली, शेजारी स्टुलावर कापडांची चळत. काकू एका कपड्यांच्या दुकानासाठी घरी बसून दुरुस्तीची कामं करायच्या. कोणाच्या पँटीची उंची कमी कर, कोणाचा कोट उसव. त्यांनी हातातलं काम सोडलं नाही, फक्त पाय उचलून टोपलीच्या पलीकडे घेतले. काकांनी डोकं मशीनखाली घातलं, खांदे आत घेतले आणि थांबले.

गाणं चाललं होतं. काका बाहेर येईनात. जुळाऱ्याला वाटलं, अडकले. त्याने विचारलं, लागलं का कुठे?

“मी आहे इथे,” मशीनखालून काका म्हणाले.

जुळाऱ्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने काही न विचारता गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

काकूंनी आता मशीन थांबवलं होतं. पाय टोपलीपलीकडे तसेच ठेवून त्या सुईशी गुंतलेलं कापड सोडवत होत्या. मशीनखालून काकांची पाठ तेवढी दिसत होती, आणि फरशीवर टेकलेला डावा हात. त्या हाताची बोटं हलत होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं.

“आता थांबाल बघा,” काकू म्हणाल्या. त्या कापडाशीच बोलल्यासारख्या बोलल्या.

फरशीवरची बोटं थांबली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. गाणं संपलं तेव्हा काका मागे सरकत बाहेर आले आणि फरशीवरच बसून राहिले. डोक्याला दोन रंगांचे धागे चिकटले होते. तुला कोणी सांगितलं, त्यांनी विचारलं.

“कोणी कशाला सांगायला हवं? रोज तर ऐकते. दुसऱ्या कडव्यानंतर दोन टाके मावतील एवढं थांबता तुम्ही. मी तेव्हा दोरा तोडते.”

बोटात गोळा आला होता, काका म्हणाले. त्या दिवशी स्टेजवर. कोणाच्या लक्षात आलं नाही असंच ते इतकी वर्षं धरून चालले होते, आणि कोणाला ते बोललेही नव्हते. ड्रमवाल्यालासुद्धा नाही.

मग त्यांनी जे विचारलं त्यात राग होता की काय ते जुळाऱ्याला ठरवता आलं नाही. या पेट्या येण्याआधीही ऐकू यायचं का? काकूंनी जरा विचार केला. यायचं, त्या म्हणाल्या. एवढं मोठं नाही. मशीनच्या फळीवर मनगट टेकलेलं असलं की जास्त लागायचं.

“मग बोलली नाहीस कधी.”

“मला वाटलं, तुम्हाला ऐकू येतच असेल. म्हणून तर लावता.”

काकांच्या चेहऱ्याकडे बघणं जुळाऱ्याला जड गेलं. नऊ महिने हा माणूस पुस्तिका वाचत होता, मोजत होता, वहीत लिहीत होता, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते त्याच्या पाठीमागे पाच पावलांवर रोज घडत होतं. काकांना लाज वाटत होती, आणि आनंदही होत होता.

शेवटी त्यांनी कामाचं विचारलं. मग जागा हीच ना?

जुळाऱ्याला खोटं बोलता आलं असतं. दुसऱ्या दोनतीन कामचलाऊ जागा होत्या, आणि चुलतीची भीड पडावी तशी त्याला काकूंची भीड पडली होती. पण जागेबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगितलं की काम लवकर आटोपणार होतं. पंधरा मिनिटांत मशीन हलवायचं, पेटी ठेवायची, सही घ्यायची आणि घरी. कितीतरी घरांत हे त्याने केलं होतं. पेटी सगळ्यात चांगली जिथे बसते, तिथे दर वेळी कोणाचं तरी काही ना काही असतं. आणि हलतं ते बहुतेक वेळा एकाच माणसाचं.

“जागा हीच,” तो म्हणाला.

काका टेबलाशी गेले आणि मोजपट्टी घेऊन आले. सवयीने त्यांनी ती मशीनच्या कडेपासून भिंतीपर्यंत ताणली. काकूंनी उजवा हात मशीनच्या चाकावर ठेवला आणि तो तिथून काढला नाही. सुरकुतलेला, नखाच्या कडेला सुईने टोचून टोचून निबर झालेला हात होता तो. त्या घरात त्यांची म्हणावी अशी दुसरी जागा जुळाऱ्याला आल्यापासून दिसली नव्हती. आपण खरं बोललो याचा त्याला पश्चात्ताप व्हायला लागला.

काकांनी मोजलं. मोजपट्टीवरचा आकडा वाचला. मग त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. पट्टीवरचं बोट त्यांनी काढलं तशी ती सरसर आत गेली.

पेट्या पुढेच ठेवल्या आणि मीच इथे येऊन बसलो तर, त्यांनी जुळाऱ्याला विचारलं. जुळारी म्हणाला, चालेल. त्याहून चांगलंच. पण ही जागा काकूंची आहे.

“तिची आहे, ते माहितीये मला,” काका म्हणाले.

काकूंना मात्र त्यांनी काही विचारलं नाही. त्या कोपऱ्याच्या तोंडाशी ते नुसते उभे राहिले, दुसऱ्याच्या घराची बेल वाजवून उभं राहावं तसे. काकूंनी हातातल्या कोटाची बाही उलटी केली, शिवण तपासली, लोंबता धागा दातांनी तोडला. त्यांना घाई नव्हती.

“दोन ते चार मशीन बंदच असतं माझं,” त्या म्हणाल्या. “पाठ धरते. तेव्हा बसत जा.”

“आणि तू?”

“मी तुमच्या खुर्चीत पडेन जरा. तिथे काही ऐकू येत नाही म्हणता ना?”

जुळाऱ्याने घड्याळ पाहिलं. अडीच वाजून गेले होते. म्हणजे आपल्यापायी या बाईंच्या विश्रांतीचा अर्धा तास खाऊन झाला, हे त्याच्या ध्यानात आलं. तो भिंतीला धरून उठला. गुडघा कुरकुरला, पण सुटला होता. त्याने खुर्चीतली पेटी काढून पुन्हा टेबलाच्या बाजूला नेऊन ठेवली, दोन्ही पेट्यांच्या जागी फरशीवर कागदी टेप चिकटवली, वायरी जोडल्या. ऐकणाऱ्याच्या जागीही तो नेहमी टेपचा एक तुकडा लावत असे. या वेळी तो त्याने काकूंच्या स्टुलाच्या पायाशी लावला. आयुष्यात त्याने शेकडो पेट्या हलवल्या होत्या. ऐकणारा माणूस हलवण्याची ही पहिलीच वेळ होती.

काकूंनी मशीनवरचा दिवा बंद केला. कापडांची चळत उचलून टोपलीवर ठेवली, कात्री बाजूला केली आणि काकांना स्टूल मोकळं करून दिलं. मग त्या खोलीच्या मधोमध आल्या. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी ती हाताने झटकली, परक्या घरी बसावं तशा आधी कडेला बसल्या, आणि हळूहळू मागे टेकल्या. त्यांच्या तोंडून एक लांब सुस्कारा गेला. पाठीचा असावा.

जुळाऱ्याने गाणं लावलं. या वेळी सगळं एकत्र. मॉनिटर, दोन्ही पेट्या, सगळ्यांची हद्द आखलेली, कोणी कोणाचं पुसत नव्हतं. तो लॅपटॉपपाशी जमिनीवर पाय पसरून बसला. त्याच्या जागी त्याला ठीकठाक ऐकू येत होतं. पण तो कोपऱ्याकडेच बघत होता. काका त्या ठेंगण्या स्टुलावर गुडघे वर करून बसले होते. समोर बॉबिन्सचा डबा, टाचण्यांची उशी, कात्री. मनगट मशीनच्या फळीवर टेकलं होतं. कोणीतरी दोनदा खोकलं, गायिकेने सूर घेतला, आणि खालून कोणीतरी तिच्याबरोबर चालायला लागलं. सावकाश, न चुकता, एका बाजूने. काकांची मान खाली गेली. ते रडत होते का हे जुळाऱ्याने मुद्दाम पाहिलं नाही.

दुसरं कडवं संपलं. ती जागा आली. काकांची बोटं थांबली, आणि त्यांनी वर पाहिलं. त्यांना काकूंना काहीतरी सांगायचं असावं, किंवा नुसतंच दाखवायचं असावं की बघ, इथे. पण खुर्चीची पाठ त्यांच्याकडे होती. पाठीच्या वर काकूंचा बारीकसा पांढरा अंबाडा दिसत होता, आणि तो एका बाजूला कलला होता. दोन मिनिटांतच झोप लागली होती त्यांना.

काका तसेच बघत राहिले. गाणं पुढे गेलं होतं. खर्ज पुन्हा सुरू झाला होता, आणि त्याचा सगळ्यात चांगला तुकडा, ज्याबद्दल त्यांनी दुपारी जुळाऱ्याला दोनदा सांगितलं होतं, तो आता यायचा होता. त्यांनी हात उचलला, तळवा खाली केला आणि सावकाश खाली आणला. मग बोटाने पेट्यांकडे दाखवलं. जुळाऱ्याला खूण ओळखीची होती. तो घरात पाऊल टाकायचा तेव्हा त्याची बायको मुलीला हीच खूण करायची.

त्या खुर्चीपर्यंत पेट्यांचा आवाज पोचतच नव्हता. नऊ महिने हेच तर रडगाणं चाललं होतं. जुळाऱ्याने ते काकांना सांगितलं नाही. दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून तो उठला, आधी डाव्या आणि मग उजव्या पेटीशी गेला, आणि दोन्ही बटणं थोडी थोडी मागे फिरवली.